धुक्यातून आलेलं ‘काय?’

“क्रौंच निघाले,” खिडकीपाशी कॉफी घेऊन उभा असलेला आर्वो म्हणाला.

“काय?” लापशी ढवळता ढवळता हेल्गी म्हणाली.

“क्रौंच गं. काल केवढा मोठा थवा गेला दलदलीवरून.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? दक्षिणेला. तुझ्या माहेरी तर नक्कीच नाही.”

“बरं झालं. माझ्या भावाकडे उतरले असते तर उपाशी मेले असते बिचारे.”

मारिका टेबलापाशी बसून लेकीच्या पावावर लोणी लावत होती. सासूसासऱ्यांचं हे बोलणं तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यांनी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य तिला कळायचं. हेल्गीचे कान काही गेलेले नव्हते. पलीकडच्या घरची कोंबडी अंडं घालून ओरडली, तर कोणती कोंबडी तेही ती सांगायची. तरी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ती आधी एक ‘काय?’ लावायची. नाहीतर ‘कोण?’, नाहीतर ‘कुठे?’. आणि आर्वो तेच पुन्हा सांगायचा, पण दुसऱ्यांदा सांगताना त्यात थोडी भर घालून. कुणी वाढायला आलं की आपण ताट जरा पुढे सरकवतो ना, तसं होतं ते. या गावात सगळेच असं बोलायचे. दुकानात, बसथांब्यावर, सॉनाच्या वाफेतल्या बाकावर, एकाने काही सांगितलं की दुसरा ताट पुढे करणार.

मारिकाच्या माहेरी मात्र हे चालत नसे. तिचं माहेर राजधानीतलं, टालिनचं. आई संगीत शिकवायची आणि घरात सुरांइतकीच शब्दांवरही तिची नजर असायची. “‘काय’ नाही म्हणायचं, मारिका. ‘माफ करा, काय म्हणालात?’ असं विचारायचं. नुसतं ‘काय’ गुरं वळणारे म्हणतात.” लहानपणी हे तिने इतकं ऐकलं होतं, की आता कुणी नुसतं ‘काय?’ म्हटलं की तिच्या मानेमागे उगाच काहीतरी टोचायचं. लग्नाच्या दिवशी हेल्गीने तिला सांगून टाकलं होतं, “मला ते तुम्ही-बिम्ही नको हं, मी हेल्गी, तू मारिका, संपलं,” तेव्हाही ती चटकन बोलून गेली होती, “माफ करा, काय म्हणालात?” त्यावर मांडव हसला होता.

तिच्या शेजारी उंच खुर्चीत लोरे बसली होती. मारिकाची मुलगी. पुढच्या महिन्यात तिसरं पूर्ण व्हायचं होतं तिला. डोळे करडे, केस जवळजवळ पांढरे, आणि तोंडात घास. घास गिळून झाला की ते तोंड मिटायचं आणि मिटलेलंच राहायचं.

वसंतात असं नव्हतं. वसंतात लोरे टेबलाखाली बसून आजी-आजोबांचं बोलणं ऐकायची आणि त्यांच्या मधोमध आपलंही एक ‘काय?’ टाकून द्यायची. अगदी हेल्गीच्या सुरात. दुसरे शब्द तिला फार येत नव्हते, पण ‘काय’, ‘कोण’ आणि ‘कुठे’ ती एखाद्या म्हातारीसारखी म्हणायची. आर्वोला कोण कौतुक! “बघ, हेल्गी, तुझी जागा घ्यायला कुणीतरी आली.” मारिकाला मात्र काळजी लागली. आरोग्य केंद्रातल्या नर्सने विचारलं होतं, वाक्यं बोलते का? हाक मारली की उत्तर देते का? आणि मारिकाच्या डोळ्यांसमोर हीच मुलगी बालवाडीत उभी राहून बाईंना ‘काय?’ म्हणते आहे असं चित्र आलं होतं.

मग तिने सुरू केलं. “लोरे, बूट घाल.” “काय?” “‘काय’ नाही म्हणायचं, राणी. ‘काय म्हणालीस, आई?’ असं म्हणायचं. म्हण बघू.” लोरे आईच्या ओठांकडे बघत राहायची. पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मारिकाने आवाज कधी चढवला नाही. प्रेमानेच सांगायची, गालाला हात लावून. उन्हाळा सरता सरता लोरेचं ‘काय’ बंद झालं. त्याच्या जागी ते दुसरं, शहाण्यासारखं वाक्य काही आलं नाही. काहीच आलं नाही. अंगणातल्या बर्च झाडाखालचा जुना पंप जसा एकदा हवा ओढून गप्प होतो, तशी ती गप्प झाली.

येत्या गुरुवारी पार्नू शहरात, मुलांच्या बोलण्याच्या तज्ज्ञ बाईंकडे जायचं ठरलं होतं. मारिका रोज मनात त्यांच्या प्रश्नांची उत्तरं जुळवायची. मी तिला गप्प केलं, हे त्यात कुठे बसवायचं ते मात्र तिला ठरवता येत नव्हतं. फिनलंडमध्ये बांधकामावर असलेल्या नवऱ्याला, इंद्रेकलाही, तिने फोनवर हे सांगितलं नव्हतं.

“आज क्रॅनबेरी वेचायला जाऊ,” आर्वो म्हणाला. “उद्यापासून पाऊस आहे.”

“कुठे?” हेल्गी म्हणाली.

“आपल्या जागेवर.”

“मग नाव नको घेऊ, शेजारच्या टोइवोचं धुराडं ऐकत असेल.”

*

आपली जागा म्हणजे दलदलीतला एक उंचवटा. तो कुठे आहे हे या घराण्याबाहेर कुणालाही सांगायचं नाही, असा नियम होता. सून म्हणून मारिकालासुद्धा तो दुसऱ्या वर्षीच दाखवला गेला. गाडी पाइनच्या रानाकडेला लावायची, लाकडी फळ्यांच्या वाटेने आत चालत जायचं, आणि वाकड्या झाडापाशी फळ्या सोडून शेवाळात उतरायचं.

शेवाळात पाय टाकला की जमीन खाली जाते आणि पुन्हा वर येते, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या पाठीसारखी. मारिकाला ते कधी सवयीचं झालं नाही. सगळीकडे लाल, पिवळं, तपकिरी शेवाळ, त्यात माणसाच्या कमरेएवढे पाइन, शंभर वर्षांचे असूनही बाळांसारखे. मधे मधे काळ्या पाण्याची डबकी, इतकी स्थिर की आभाळ त्यात नेमकं उलटं बसलेलं. त्यांचा तळ कुणाला लागला नाही म्हणे. दलदलीतल्या झुडपांचा एक कडू-गोड वास येत होता. त्या वासाने डोकं जड होतं आणि जागेपणी झोप आल्यासारखं वाटतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण सगळे जातातच.

“इथेच बसा दोघी,” हेल्गीने बादली खाली ठेवली. “इथे पाणी लांब आहे. आम्ही पलीकडे जातो. लोरे, आईला मदत कर हं. खाऊन नको टाकूस सगळं.”

लोरेने वर पाहिलं. तिचे ओठ जरासे हलले, आणि तिने आईकडे बघितलं. आणि ओठ मिटले.

फळं भरपूर होती. शेवाळावर कुणी लाल मण्यांची माळ तोडून उधळून दिल्यासारखी. एक मूठ बादलीत टाकली की पुढच्या उंचवट्यावरची मूठ खुणवायची, आणि तिच्यापुढची त्याहून लाल दिसायची. मारिका खाली वाकायची, मान वर करून लोरेची लाल टोपी बघायची, पुन्हा वाकायची. टोपी. मूठ. टोपी. मूठ. वास डोक्यात चढत होता. लांबवर कुठेतरी क्रौंच ओरडत होते, गंजलेलं फाटक उघडावं तसे. ती ऐकत राहिली. मूठ. मूठ.

मान वर केली तेव्हा टोपी नव्हती. टोपी नव्हती आणि वाकडं झाडही नव्हतं. पांढरं धुकं आवाज न करता आलं होतं आणि सगळं पुसून गेलं होतं.

“लोरे!”

धुक्याने हाक तिथल्या तिथे गिळली.

“लोरे! कुठे आहेस? लोरे, आईला ओ दे!”

काही नाही. ती चार पावलं धावली आणि थांबली, कारण पुढचं शेवाळ की पाणी ते कळत नव्हतं. तिच्या ओरडण्याने लांबून हेल्गीची रानात घालतात तशी साद आली, “ऊऊऊ!” पण ती उजवीकडून आली की डावीकडून?

“लोरे हरवली!” मारिका ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

“लोरे! लोरे बाळा!” आता तिघं हाका मारत होती. तिघांच्या हाका संपल्या की मागे एवढी मोठी शांतता उरायची, की त्यात काळं पाणी भरतंय असं मारिकाला वाटे. ओ देणार नाही ती. कशी देईल? तोंड उघडलं की ते चुकीचं असतं, हे मीच तर शिकवलं तिला, गालाला हात लावून.

“मी फळ्यांकडे जातोय!” धुक्यात आर्वो ओरडला.

“काय?” दुसऱ्या टोकाकडून हेल्गी ओरडली.

“फळ्यांकडे!”

“काय?” कुणीतरी म्हणालं.

मारिका जागच्या जागी थिजली. ते हेल्गीचं ‘काय’ नव्हतं. सूर हेल्गीचाच, पण मापाने लहान. भातुकलीतल्या कपासारखं.

“थांबा!” ती ओरडली. “कुणी हाका मारू नका! गप्प बसा दोघं!”

सगळं गप्प झालं. शेवाळातून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मारिकाने श्वास रोखला. “लोरे, कुठे आहेस?” असं ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. त्या प्रश्नाचं उत्तर आज तिला कुणी दिलं नव्हतं. मग तिने सकाळी स्वयंपाकघरात ऐकलं होतं ते, जेवणाच्या टेबलापाशी बोलावं तसं, धुक्याला सांगितलं.

“क्रौंच निघाले.”

मग डाव्या बाजूने, जमिनीलगत:

“कोण?”

मारिका डावीकडे वळली. “क्रौंच. मोठे पक्षी, राखाडी.”

“कुठे?”

“लांब. दक्षिणेला. जिथे बर्फ पडत नाही.” एक पाऊल. शेवाळ दबलं, तोललं. दुसरं पाऊल.

“काय?”

“बर्फच नसतो तिथे.” लोरेला बर्फ माहीत होता, पक्षी माहीत होते. ती काही विचारत नव्हती. ती ताट पुढे सरकवत होती. इथे आहे, वाढ. एवढंच म्हणत होती ती. वसंतापासून एवढंच तर म्हणत होती.

धुकं जरा विरळ झालं, आणि मारिकाला लाल टोपी दिसली. लोरे एका बुटक्या पाइनखाली उंचवट्यावर बसली होती. मुठीत क्रॅनबेरी, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता ओला मोजा. तिच्या आणि मारिकाच्या मधे काळं पाणी होतं. फार रुंद नव्हतं. पलीकडे लोरेने आईला पाहिलं, आणि हात टेकून उठायला लागली.

‘हलू नकोस!’ हे शब्द मारिकाच्या घशाशी आले. पण तिला लेक माहीत होती. ओरडलं की ती आईकडे धावते, सरळ, वाटेत काय आहे ते न बघता.

“एक क्रौंच मागे राहिला,” मारिका म्हणाली. आवाज सपाट, सकाळच्या लापशीसारखा.

लोरे अर्धी उठलेली थांबली. “कोण?”

“सगळ्यात छोटा.” मारिका पाण्याच्या कडेने सरकली, डोळे टोपीवर ठेवून.

“काय?”

“छोटा क्रौंच. त्याचा बूट हरवला होता ना.”

लोरेने आपल्या मोज्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. “कुठे?”

“शेवाळात. बूट त्याला म्हणाला, राहू दे रे मला इथेच, मला झोप आलीये.”

“कोण?”

“बूट.” डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला, थंड पाणी बुटात शिरलं. तिने पाय अलगद उपसला. “मग छोटा क्रौंच म्हणाला, असू दे, मी एका बुटाने उडतो.”

“काय?”

“एका बुटाने. पण त्याला एका बाजूला कलल्यासारखं व्हायचं. असं.” मारिकाने हात पसरून तोल दाखवला, आणि तिला खरोखरच तोल सावरावा लागला. पलीकडून बारीकसं हसू आलं. वर धुक्यात कुठेतरी पंख फडफडले, किंवा तसं वाटलं. त्या पांढऱ्या जागेत खरं काय आणि सांगितलेलं काय, हे वेगळं राहिलं नव्हतं. एक छोटा पक्षी तिथे वरून एका बुटाने चालला होता आणि त्या दोघी त्याला बघत होत्या, एवढंच होतं. पाणी होतं, पण त्याला या गोष्टीत बोलावलेलं नव्हतं.

“कुठे?” लोरेने विचारलं, वर बघत.

“आईकडे,” मारिका म्हणाली. पाण्याला वळसा घालून झाला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने लेकीला जवळ ओढलं, टोपीसकट, क्रॅनबेरीसकट. मूठ दोघींच्या मधे चिरडली. लोरेचे गाल थंडगार होते, मान मात्र कोटाच्या आत उबदार होती. मारिकाने तिथे नाक खुपसलं आणि तशीच बसून राहिली.

“सापडली का?” लांबून आर्वोचा आवाज आला, फाटलेला.

“सापडली!” मारिका ओरडली.

“काय?” हेल्गीने विचारलं. आणि त्या ‘काय’मध्ये ती रडत होती, हे एवढ्या लांबूनही कळलं.

“सापडली गं! माझ्याजवळ आहे!”

*

बूट काही मिळाला नाही. आर्वो हात शेवाळात कोपरापर्यंत घालून बराच वेळ शोधत होता. शेवटी म्हणाला, “ठेवून घेतला तिने. दलदल आहे, परत देण्याची सवय नाही तिला.” हेल्गीने त्याला गाडीत बसेपर्यंत शब्दांनी झोडपलं, की पोर थंडीने काकडतेय आणि तुला विनोद सुचतात. आणि मग स्वतःची लोकरीची शाल लोरेच्या पायांना इतकी घट्ट गुंडाळली, की पोरीला हलता येईना.

दुपारी सगळे स्वयंपाकघरात फळं निवडायला बसले. एक लांब फळी टेबलाच्या कडेला तिरकी लावायची आणि वरून क्रॅनबेरी सोडायच्या. चांगली फळं टुणटुण उड्या मारत खाली भांड्यात जातात, पानं आणि शेवाळाच्या काड्या फळीवरच राहतात. वरून फळं सोडायचं काम लोरेचं होतं. अंघोळ झालेली, केस ओले, आजीच्या मोठ्या मोज्यांत. ती एकेक फळ सोडायची आणि खाली पोचेपर्यंत त्याच्याकडे बघायची.

हेल्गी भांडं हलवत होती, नसलेली पानं वेचत होती. मग म्हणाली, “मी सांगितलं होतं पाणी लांब आहे म्हणून. लांब नव्हतं. यंदा पाणी जास्त चढलंय, मला दिसायला हवं होतं.”

“मीच खाली बघत बसले,” मारिका म्हणाली. मग जरा थांबून, हातातलं फळ दाबत, “हेल्गी, ती उन्हाळ्यापासून गप्प आहे ना, ते माझ्यामुळे. ‘काय’ म्हणू नको, असं मी तिला सारखं सांगायचे.”

“काय?” हेल्गी म्हणाली.

मारिकाच्या मानेमागे काही टोचलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, यावेळी जास्त सांगितलं. आईबद्दल, नर्सबद्दल, गालाला लावलेल्या हाताबद्दल. हेल्गीने मधे दोनदा ‘कोण?’ म्हटलं आणि एकदा ‘कशाला?’. सांगून झालं. हेल्गीने कॉफी ओतली आणि सुनेच्या कपात न विचारता साय घातली.

गुरुवारी पार्नूला जायचं होतंच. आता मारिकाला त्या बाईंना काय सांगायचं ते माहीत होतं. त्या काय म्हणतील ते माहीत नव्हतं, आणि ती भीती तशीच छातीत बसून होती, फक्त जरा अंग चोरून.

“बूट,” लोरे म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. फळीवरून एकटं फळ टुणटुण करत खाली गेलं. लोरे कुणाकडेच बघत नव्हती. पुढचं फळ चिमटीत धरून ती फळीच्या वरच्या टोकाशी तयारीत होती.

मारिकाच्या जिभेवर बरंच काही आलं. शाब्बास आलं, बूट कुठे गेला सांग बरं आलं, नीट पूर्ण बोल राणी आलं. ते सगळं बाजूला सारून, कॉफीचा कप उचलत, काही विशेष नसल्यासारखं ती म्हणाली,

“काय?”

लोरेने वर पाहिलं. आईच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

“बूट झोपला,” ती म्हणाली.

“कुठे?”

“शेवाळात.” तिने फळ सोडलं. “पक्षी गेला. बूट झोपला.”

“कोण गेला?” आर्वोला राहवलं नाही. हेल्गीने त्याला टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता. लोरे आजोबांकडे वळली होती आणि सांगायला लागली होती.